बरणीतला साप आणि वैरणीचा हिशोब



आज खताची, पाण्याची नोंद बाजूला ठेवतो. मागच्या आठवड्यात जे बघितलं ते लिहितो. श्रावण तोंडावर आलाय, नागपंचमीही येईल, त्यामुळं आत्ताच लिहिलेलं बरं.

फवारणीचा पंप मागायला पुतण्याच्या घरी गेलो होतो. पुतण्या आमचा सर्पमित्र. पंचक्रोशीत कुणाच्या घरात, गोठ्यात साप निघाला की फोन त्यालाच. पंप गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत होता. दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबलो. भिंतीकडंच्या फळीवर प्लास्टिकच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, झाकणांना दाभणानं भोकं पाडलेली. खाली दोन निळी बॅरलं, वर जाळी, जाळीवर वीट.

मोजले. एकोणीस साप. सात धामणी, चार नाग, तीन घोणस, दोन मण्यार, दोन दिवड, एक तस्कर. दोन धामणी मेलेल्या होत्या, ते टिचकी मारल्यावर कळलं. आणि एका बॅरलात घोणस व्याली होती. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एका वेळी वीस-तीस सहज देते. तळाला वीतवीतभर पिल्लांचा नुसता गुंता. म्हणजे एकोणीस हा माझा आकडा तिथंच चुकला. आणि ही पिल्लं जन्मल्यापासून विषारी असतात बरं का.

"बाळा, हे काय रं?"

"तात्या, सोडतो की. रविवारी वरच्या जंगलाकडं जायचंय."

"किती रविवार झालं?"

पोरगं गप्प बसलं. शेजारच्या गोठ्यात त्याची आई म्हशीला वैरण टाकत होती. मधी फक्त पत्रा आणि एक वीट.

पुतण्याला विचारूनच हे लिहितोय. "लिवा तात्या, पण माझ्या एकट्याचं नका लिवू, असं लई जणांकडं हाय," असं तोच म्हणाला. ते खरंच आहे. म्हणून नाव-गाव नाही, पण विषय सगळ्यांचा.

आधी माझी चूक

गेल्या दोन वर्षांत माझ्या रानातनं आणि घरामागनं पाच धामणी त्यानं धरून नेल्या. पाचही वेळा फोन मी केला होता. धामण बिनविषारी, ती उंदीर खाते, हे मला शाळेत असल्यापासून माहीत. तरी फोन केला, कारण भांगलणीच्या बायका म्हणाल्या, साप दिसलाय, आम्ही सरीत उतरत नाही. मला वाटलं, कुठं वाद घाला. पोरगं आलं, शेपटाला धरून नेलं, सगळ्यांनी मोबाईलवर शूटिंग केलं, विषय संपला.

गेल्या हंगामात त्याच फडात उंदरानं बुडातल्या कांड्या कुरतडल्या. ऊस लोळला. झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवायला लागलं. उंदीर वाढले ते फक्त धामणी गेल्या म्हणून, असं मी म्हणत नाही. पाचट होतं, बांधाला गवत होतं, शेजारचं रान पडीक होतं. कृषी सहायकांनीही हीच कारणं सांगितली. पण फुकटात राखण करणारे पाच गडी मी स्वतः हाकलले आणि मग औषधाला पैसे मोजले, एवढं तर खरं. त्या पाचातली एखादी धामण त्या बरणीत सुकून मेली असंल का, हे डोक्यातनं जात नाही.

दावणीला किती?

आमच्या आज्ज्याचा एक नियम होता. दावणीला किती जनावरं बांधायची हे वैरणीची गंजी बघून ठरायचं. गंजी चारांची आणि पाचवी म्हैस स्वस्तात मिळत असली तरी तो घ्यायचा नाही. तिला खायला काय घालणार, शेण कोण काढणार, मी आजारी पडलो तर धार कोण काढणार, हे त्याचे प्रश्न. त्यांची उत्तरं नसली तर म्हैस फुकट मिळाली तरी महाग, असं म्हणायचा.

हाच हिशोब सापाला, कासवाला, सरड्याला लावला तर निम्मा घोळ मिटेल.

म्हैस उपाशी राहिली तर रेकून गाव गोळा करते. सापाला आवाज नाही. तो आठवडा-आठवडा, कधी महिना-महिना खात नाही, तरी जिवंत दिसतो. त्यामुळं ठेवणाऱ्याला वाटतं, चाललंय की बरं. पण साप थंड रक्ताचा. ऊन लागलं की सावलीत जायचं, गार पडलं की उन्हात यायचं, असं करूनच तो अंगाची उष्णता सांभाळतो. बरणीत त्याला ते करताच येत नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बरणी उन्हाळ्यात दुपारी किती तापते, ते हात लावून बघा. शिवाय धरलेला साप बऱ्याचदा घाबरून खातच नाही. एका बॅरलात दोन जातीचे टाकले तर आणखी वेगळाच खेळ. मण्यार दुसरे साप खाते, नागही खातो.

एक साप असंल तर माणूस रोज बघतो. चार असले तर एक दिवसाआड बघतो. वीस झाले की नुसती झाकणं बघतो. मोठ्या साठ्यात हेच होतं. प्रेम कमी होत नाही, पण हात पुरत नाहीत.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. आपल्याकडचे नाग, घोणस, मण्यार, धामण हे सगळे वन्यप्राणी. ते घरात ठेवायला परवानगीच नाही, मग पाच ठेवू का दहा हा प्रश्नच येत नाही. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता नाग आणि धामण दोन्ही पहिल्या परिशिष्टात आहेत. या परिशिष्टातल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. आपण ज्याला "आमचा सर्पमित्र" म्हणून खांद्यावर घेतो, त्याच्या डोक्यावर हे टांगलेलं असतं. त्याला हे कुणी नीट सांगितलेलंही नसतं.

साप घरात अडकला म्हणून धरणं आणि लगेच जवळच्या योग्य जागी सोडणं, एवढंच सर्पमित्राचं काम. त्यातही वनखात्याला कळवायचं. धरल्यापासून सोडेपर्यंतचा जो वेळ, तीच ठेवण्याची मर्यादा. ती तासांत मोजायची, रविवारांत नाही.

शिराळा आणि इरुळा

वारणा ओलांडली की बत्तीस शिराळा. नागपंचमीला जिवंत नागाची पूजा करणारं गाव म्हणून सगळ्या देशात नाव. आमच्या लहानपणी घरोघरी मडक्यात नाग ठेवायचे, पंचमीला मिरवणूक निघायची, आणि नंतर नाग परत नेऊन सोडायचे. शिराळकरांचं नागावर प्रेम नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण एका गावात एका वेळी इतके नाग मडक्यांत, मग त्यांचे खेळ, स्पर्धा, गर्दी. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागाची मिरवणूक आणि खेळ बंद झाले. २०२५ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २७ ते ३१ जुलै अशी थोडी परवानगी दिली, ती शिक्षण आणि परंपरेच्या ज्ञानापुरती. आकडा ठरलेला, दिवस ठरलेले, खेळ-स्पर्धा-मनोरंजन चालणार नाही अशी अट. परवानगी द्यावी का नको यावर वाद आहे आणि राहील. पण द्यायचीच झाली तर आकडा आणि तारीख बांधून द्यायला लागते, हे तिथंही मान्य झालं.

आता दुसरं मडकं बघा. तमिळनाडूत चेन्नईजवळ इरुळा समाजाची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. आपल्याला साप चावल्यावर दवाखान्यात जी लस टोचतात, ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषापासून बनते. ते विष बरीच वर्षं मुख्यतः याच संस्थेतनं येत आलंय. तेही साप मातीच्या मडक्यातच ठेवतात. पण किती साप धरायचे ते वनखात्याच्या परवानगीनं ठरतं. एक साप साधारण तीन-चार आठवडे ठेवायचा, तेवढ्यात चार वेळा विष काढायचं, आणि परत सोडायचा. सोडताना पोटाच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही.

मडकं तेच. पण इथं आकडा आहे, मुदत आहे, खूण आहे, वही आहे, आणि कशासाठी ठेवलाय याचं उत्तर आहे. पुतण्याच्या बरण्यांना यातलं एकही नव्हतं.

ज्याला खरंच सापांत जन्म घालवायचाय त्याच्यासाठी वाट आहे. आपल्याच चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर सरांनी सर्पशाळा उभी केली. खेड्यातल्या पोरांना साप ओळखायला शिकवलं, तेही असल्या गोष्टींचं कुणी नाव काढत नव्हतं त्या काळात. पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० ला ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा त्यांचं नाव झालं. पण त्यांचं मोठं काम म्हणजे कात्रजचं सर्पोद्यान, १९८६ चं. तिथं डॉक्टर असतो, कर्मचारी असतात, नोंद असते. आता कायद्यानं अशा कुठल्याही संग्रहाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, मग हेतू कितीही चांगला असो. एका माणसाच्या पत्र्याच्या खोलीला ती कधीच मिळणार नाही.

परदेशी जनावरांचं नवं खूळ

आता शहरात वेगळंच चाललंय. बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, इग्वाना म्हणजे हिरवा मोठा सरडा, लाल कानाची कासवं. ही आपल्याकडची नाहीत म्हणून आपल्या सापांसारखी सरसकट बंदी नाही. २०२२ च्या दुरुस्तीत आणि मग २०२४ च्या नियमांत यातल्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या जातींची नोंदणी सक्तीची झाली. परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली, जनावर मेलं, दुसऱ्याला दिलं, तर कळवायचं. चांगलं आहे. पण एका घरात जास्तीत जास्त किती, हा आकडा त्यात नाही. तो असायला पाहिजे असं माझं मत आहे.

शेतकऱ्याला याचं काय, असं कुणी म्हणेल. सांगतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एव्हरग्लेड्स नावाची मोठी पाणथळ आहे. तिथं लोकांनी हौसेनं पाळलेले ब्रह्मदेशी अजगर मोठे झाल्यावर सोडून दिले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात अजगरांचं एक पैदास केंद्रही उद्ध्वस्त झालं. आज तिथं अजगरांची पैदास रानात होते. २०१२ ला छापून आलेल्या अभ्यासात रॅकूनसारखी एके काळी रोज दिसणारी जनावरं रस्त्यावर दिसायचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. त्याच फ्लोरिडात सुटलेले इग्वाना कालव्याच्या भरावात बिळं करतात आणि भराव ढासळतो. पानं, फुलं, भाजीपाला फस्त करतात ते वेगळंच. २०२१ ला त्या राज्यानं हे अजगर आणि इग्वाना हौसेसाठी पाळणंच बंद केलं. उशीर व्हायचा तो झालाच होता.

आपल्या जिल्ह्यात कालवे किती, बंधारे किती, उसाची दाटी किती, आणि हवा कशी दमट, हे मी सांगायला नको. अशा जनावराला दुसरं काय पाहिजे? घूस बांध पोखरते ती कमी आहे का?

आणखी एक. २०२५ च्या जूनच्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन चापडे, तीन कोळीशेपटी शिंगवाले विषारी साप आणि पाच कासवं सापडली. आपल्या दवाखान्यातली लस आपल्या चार सापांसाठी बनवलेली आहे. बाहेरचा विषारी साप एखाद्याच्या फ्लॅटमधनं निसटला आणि चावला, तर डॉक्टरनं काय टोचायचं?

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली असा अभ्यास आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी तर पावसाच्या चार महिन्यांत. आपल्या सापांनीच आपल्याला एवढं काम दिलंय. नवीन आणायची काय गरज?

दुसरी बाजूही ऐकू

पुतण्या म्हणाला, "तात्या, रात्री दोनला फोन येतो. पेट्रोल माझं, जीव माझा. साप धरला की लोक म्हणतात, आमच्या शिवारात सोडू नगंस, लांब ने. लांब न्यायला रोज कुठनं वेळ काढू? मग साठतात. शाळेत कार्यक्रमाला बोलावतात, तवा म्हणतात पाच-सहा जातीचे तरी आण."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. साप साठतात त्याला निम्मे जबाबदार आपण आहोत. साप धरला की तो आपल्या हद्दीबाहेर गेला पाहिजे असं आपल्याला वाटतं. पण अनोळखी जागी लांब सोडलेला साप बीळ शोधत, खाद्य शोधत भटकतो, आणि नेमका माणसाच्या वाटेत येतो. जवळच्याच ओढ्याला, बांधाला सोडलेला साप आपल्या ठिकाणी जातो. आणि एखादा सर्पमित्र चावा खाऊन मेला की आपण फ्लेक्स लावतो. त्याच्या घरी मागं कोण आहे हे बघायला कुणी जात नाही.

२०२५ ला महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची गोष्ट बोलून दाखवली होती. ते व्हावंच. पण त्या ओळखपत्राबरोबर वही आणि मर्यादाही यावी.

माझं म्हणणं

१. आपल्याकडचा कुठलाही साप घरात मुक्कामाला ठेवायचा नाही. धरला त्याच दिवशी सोडायचा. रात्री धरला तर सकाळी. जखमी असंल तर वनखात्याच्या हवाली करायचा.

२. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. कधी, कुठं, कुठला साप धरला, कुठं सोडला, साक्षीला कोण. चार ओळींचं काम आहे.

३. ज्यानं फोन केला त्यानं पेट्रोलचे पैसे द्यावेत आणि सोडायला सोबत जावं. सोबत गेला की साप बरणीत राहत नाही.

४. शाळेनं जिवंत साप मागू नयेत. चित्रं, व्हिडिओ आणि माहितीवर पोरं तेवढंच शिकतात. चावल्यावर बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका, थेट सरकारी दवाखाना गाठा, हे शिकवायला बरणी लागत नाही.

५. परदेशी सरपटणाऱ्या प्राण्यांची नोंदणी तर हवीच, शिवाय घरामागं आकडा बांधून द्यावा. जास्त हवे असतील तर जागा, जनावरांचा डॉक्टर आणि मालक आजारी पडला तर बघणारा माणूस, हे दाखवल्याशिवाय परवानगी नको. नको झालेलं जनावर तळ्यात, विहिरीत, रानात सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा.

६. रानात धामण दिसली तर फोन करू नका. हा नियम मी पहिल्यांदा माझ्यावर लावलाय.

पुढं काय झालं

त्या दिवशी मी पुतण्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता वनरक्षकाला फोन लाव. तो म्हणाला, "तात्या, मला आत घालत्याल." मला त्याचं उत्तर नव्हतं. रात्रभर मी झोपलो नाही. भावाचं पोरगं, लग्नाचं वय झालेलं. गुपचूप ओढ्याला सोडून विषय मिटवावा असंही मनात आलं. पण मग पुढच्या पावसात परत त्याच बरण्या भरल्या असत्या.

सकाळी दोघं मिळून गेलो आणि सगळं सांगितलं. जिवंत साप ताब्यात गेले, मेलेल्या धामणींचा पंचनामा झाला. पाच धामणींसाठी फोन मी केला होता, हेही मी लिहून दिलं. पुढं काय होईल ते कायद्यानं होईल. चार दिवस वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. पाचव्या दिवशी ती खोली झाडून घेतली आणि तिथं वैरण भरली, असं तिनंच येऊन सांगितलं.

काल खोडव्याच्या बांधाला धामणीची कात सापडली, चांगली पाच फुटी. भांगलणीच्या बायकांना दाखवली, धामण आहे म्हणून सांगितलं. एक म्हणाली, "मग असू द्या की, आमी पलीकडच्या सरीनं जातो."

तुमच्या गावात साप धरल्यावर कुठं सोडतात, कोण सोडतं, वही आहे का, ते जरूर लिहा. आणि तुमच्या सर्पमित्राच्या घरी एकदा जाऊन या. सहज म्हणून जावा. बरण्या असल्या तर भांडू नका, मोजा, आणि त्याच्याबरोबर सोडायला जावा.

राम राम.